सरोजाम्माची सुपारी

शहाबादी फरशीवरून कुंडी ओढत नेल्याचा जड, खरखरीत आवाज कानी आला, की आमच्या घरी हिवाळा लागे. पंचांगात काय लिहिले आहे याच्याशी अक्काला काही कर्तव्य नव्हते. सातपुड्याकडचा वारा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांवरून पहिल्यांदा बोचरा होऊन वाहिला, की माझी ही थोरली बहीण पदर खोची, कुंडीखाली गोणपाट सरकवी आणि ओट्यावरचे सुपारीचे रोप घरात ओढून आणी. सकाळी कोवळ्या उन्हासाठी पुन्हा ओट्यावर, उतरत्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीशी, दिवेलागणीला आत, असा त्या रोपाचा आणि तिचा दिनक्रम चाले. उन्हाचा एक कवडसाही ती वाया जाऊ देत नसे.

रोप तिचे नव्हते. ते शेजारच्या सरोजाम्माचे. केरळातले आईचे घर विकले गेले, तेव्हा परसातल्या झाडाची एक सुपारी तिने आणून कुंडीत रुजवली होती. त्या परसातले तेवढेच उरले होते. मग नवऱ्याची बदली झाली, सामानाचा ट्रक काठोकाठ भरला आणि कुंडी ओट्यावरच राहिली. “दोन साल में घर बनाके ले जाऊंगी, अक्का,” असे म्हणत सरोजाम्मा रडली. अक्काने नुसता तिचा हात दाबला. हात दाबला म्हणजे अक्काने शब्दच दिला होता, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द, हे मला चांगले ठाऊक होते.

अक्का रावेरच्या बागायतीत वाढलेली. लवकर वैधव्य आले आणि ती माझ्या संसाराला हात द्यायला भुसावळला आली. येताना पदरावर केळीच्या चिकाचे न निघणारे डाग आणि मनात केळीचे सगळे शास्त्र घेऊन आली. थंडी वाढली की बागेला विहिरीचे कोमट पाणी सोडायचे, बांधावर पाचट जाळून धूर करायचा, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. त्या पहिल्या हिवाळ्यात तिने सुपारीलाही तोच न्याय लावला. रोज संध्याकाळी शेंड्यावरून कोमट पाणी, वर गोवरीची धुरी. खोकून खोकून मी बेजार झालो. “अक्का, सुपारीला बाळंतीण करून ठेवलीस,” असे मी चिडवत असे, आणि ती माझ्याकडे न बघताच म्हणे, “तुले काय समजते रे बापू? थंडी वाजू राह्यली तिले.”

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी तिने मधल्या कोवळ्या पानाची मिटलेली सुरळी मायेने चाचपली, आणि ती अलगद तिच्या हातातच आली. बुडाशी कुजून काळी पडलेली. बागेतली जमीन पाणी पिऊन टाकते, केळी तरारते. इथे कुंडीत मात्र तेच पाणी गाभ्यात साचून राहिले होते. ती सुरळी तळहातावर धरून अक्का ओट्यावर कितीतरी वेळ बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. “केळीची रीत लावली मी तिले,” एवढेच म्हणाली.

रविवारी सरोजाम्माचा फोन आला. “मजेत हाये तुझी सुपारी,” असे अक्का म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातात कोंबला. उभ्या जन्मात खोटे न बोललेल्या बाईचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. पुढचे सगळे रविवार ती फोनची घंटा वाजली की मागीलदारी जाई. पाणी जवळपास बंद झाले, धुरी थांबली. गाभा कापसाने टिपून ती त्यात चिमूटभर हळद भरी, आणि रोपाला उन्हात ठेवून तिथेच, त्याच्या शेजारी, काही न करता बसून राही. काही न करता बसणे तिला आयुष्यात प्रथमच शिकावे लागत होते.

होळीच्या आधी गाभ्यातून हिरवे टोक वर आले, सुईएवढे. अक्काने त्या दिवशी स्वतः फोन लावला आणि सगळे सांगून टाकले, खोटे बोलल्याचेसुद्धा. सांगताना हुंदका आवरेना. पलीकडे सरोजाम्मा म्हणाली, “अक्का, अब पेड आपका ही है.” रडता रडता अक्का एकदम कडाडली, “नाही! तुझंच हाये. तू नेशीन तवर मी सांभाळू राह्यली.”

सरोजाम्माचे घर झाले, पण ती कधी आली नाही; आधी नवऱ्याचे आजारपण, मग स्वतःचे गुडघे. अक्का शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘सरोजाम्माची सुपारी’ असेच सांगत राहिली. गेल्या श्रावणात ती गेली.

यंदा वारा बोचरा झाला तेव्हा मी कुंडीखाली गोणपाट सरकवले. पाठ धरली, पण तो खरखरीत आवाज घरभर ऐकू गेला, आणि क्षणभर वाटले की ती आत आहे. मला फार रडू आले. रविवारी सरोजाम्माने विचारले, “भैया, अक्का की सुपारी कैसी है?” मी सांगितले, “मजेत आहे,” आणि ते खरे होते. त्या झाडाला सरोजाम्माच्या तोंडी आता अक्काचे नाव आहे, अक्काच्या तोंडी कायम सरोजाम्माचे होते. जी जवळ नाही तिचेच ते म्हणायचे आणि जवळ असणाऱ्याने ऊन सरकेल तशी कुंडी सरकवायची, एवढेच आपल्या वाट्याला येते.