शिंपीणबाईंनी डॉक्टरांना भरलेला दम

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण शिंपीणबाईंनी शॉक घेता घेता डॉक्टरांना दम भरला! उपचार थांबवून घरी न्यायला आलेल्या धाकट्या भावाला मनोविकारांच्या वॉर्डात त्या तसं ठणकावून सांगत होत्या.

"मी नाही येणार, जा! पडद्यावर माझ्या मेंदूच्या लाटा शिवणीसारख्या उमटतात, त्या बघून डॉक्टर पुढचा करंट ठरवतात. परवा मी ताडकन उठले. म्हटलं, टाके फार मोठे पडताहेत, पुढच्या वेळी करंट कमी! मुकाट्याने मान डोलावली त्यांनी."

"थापाडे! तुला तर भूल दिली होती," भाऊ ओरडला आणि हातातली पिशवी ठेवून हसतच सुटला. "इतके महिने तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि आता थापा? घे ताई, उरलेले शॉकही घे!"