जुन्या फाईलवर नवं नाव

माझं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, दोन खुर्च्या आणि मी. समोर सरकारी कचेरी आहे, त्यामुळे दिवसभर अर्ज, दाखले, बायोडाटा यांची रीघ असते. एकोणीस वर्षं मी लोकांचे बायोडाटा टाईप करतेय. कोण किती फुगवून सांगतंय ते मला गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत कळतं. एका महाशयांनी छंदात घोडेस्वारी लिहायला सांगितली, तेव्हा मी विचारलं होतं, घोडा जवळून पाहिलाय का कधी? सांगतील ते टाईप करते, पण खोटा अनुभवाचा दाखला मी कुणालाही करून देत नाही. आणि माझ्या हातून चूक होत नाही. फुशारकी नाही मारत, कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला विचारा.

हे एवढं का सांगतेय, तर माझी लेक. रसायनशास्त्राची पदवी, तीही पहिल्या वर्गात. आमच्या दोन्हीकडच्या घरांत एवढं कुणी शिकलेलं नाही. तिचे वडील हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला आहेत, निकाल लागला तेव्हा तिथे भेटेल त्याला थांबवून सांगत होते. त्याला आता चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत तिने एकशे बारा ठिकाणी अर्ज केले, आणि जिथून उत्तर आलं तिथून एकच आलं, की अनुभव हवा. अनुभव काय वाण्याकडे सुटा मिळतो? नोकरी दिल्याशिवाय अनुभव कुठून येणार आणि अनुभवाशिवाय नोकरी कोण देणार, हे कोडं सोडवायला तिच्या पाच वर्गमित्रांनी सरळ दुसरेच धंदे धरले. एक तर मोबाईलची कव्हरं विकतो.

लेक शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि बाकीचा वेळ फोन उलटा ठेवून बसायची. वाजला की दचकायची. माझी नणंद दर रविवारी फोन करायची, लागली का गं कुठे, आणि मग स्वतःच म्हणायची, नाही ना, असू दे. त्या 'असू दे'ने माझ्या अंगाची लाही व्हायची. लेक हळूहळू जेवताना बोलायची थांबली. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. पोरगी आतल्या आत विझत चाललीय हे दिसतं, आणि हातात करण्यासारखं काही नसतं.

मग पाणी तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेची जाहिरात आली. ज्युनियर केमिस्टची एक जागा. बायोडाटा एका पानातच बसवायचा, अशी अट होती. तिचा जुना दोन पानांचा होता. ती शिकवणीला जायच्या घाईत होती, म्हणून मी म्हटलं, मी करते आणि तुझ्या मेलवरून पाठवूनही देते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. नवा बायोडाटा कुणी कोऱ्या पानावर सुरू करत नाही. तशाच शिक्षणाच्या माणसाची जुनी फाईल उघडायची, त्यावर नवं नाव घालायचं आणि एकेक ओळ बदलत खाली यायचं. माझ्याकडे एक चष्मेवाली मुलगी यायची, तीही रसायनशास्त्राचीच, तिची फाईल एका पानाची होती. मी ती उघडली. नाव बदललं, पत्ता बदलला, शिक्षण बदललं. अनुभवाच्या रकान्यात चष्मेवालीच्या दोन ओळी होत्या: सांडपाणी तपासणी प्रयोगशाळेत दोन वर्षं सहायक. तिथे मला लेकीच्या विहिरी लिहायच्या होत्या. शेवटच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी साठ विहिरींचं पाणी तपासलं होतं, उन्हातान्हात, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून. नोकरी म्हणता येणार नाही, पण अनुभव म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं.

नेमकं तेव्हाच परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख म्हणून दुकानात झुंबड उडाली. मी विहिरी राहू दिल्या आणि खालची भाषा-छंदाची ओळ आधी उरकली. मग एक बाई भांडायला लागली की तिचा नंबर आधी होता. तिला शांत केलं, तिचा फॉर्म भरला, परत फाईलवर आले आणि दिली पाठवून. संध्याकाळी लेकीला म्हटलं, वाचून बघ एकदा. ती म्हणाली, तू टाईप केलंयस ना, मग काय बघायचं.

नवव्या दिवशी तिथून मेल आला. मुलाखत, परवा सकाळी अकरा वाजता. माझ्या लेकीला चौदा महिन्यांत आलेलं पहिलं बोलावणं. तिने दुकानात येऊन मला फोन दाखवला आणि मी गिऱ्हाइकांसमोर तिचे पटापट मुके घेतले. संध्याकाळपर्यंत ती अगदी गप्प झाली. मला वाटलं, धास्ती घेतली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत न्यायच्या प्रती काढायला मी ती फाईल उघडली, आणि बघते तर काय. नाव माझ्या लेकीचं, आणि खाली चष्मेवालीची दोन वर्षं. विहिरींचा पत्ताच नाही. म्हणजे त्यांनी बोलावलं ते माझ्या लेकीला नव्हे, त्या दोन ओळींना. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. एक माणूस झेरॉक्सला आला, त्याला म्हटलं मशीन बंद आहे.

तिला सांगायला हवं होतं. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं, त्यात दोन मतं नाहीत. पण सांगितलं असतं तर ती गेलीच नसती, तिला मी ओळखते. आणि मी स्वतःची समजूत घालायला लागले. बायोडाटा वाचतंय कोण, लोक नुसतं वरचं नाव बघतात. एकदा समोर बसली की तिची हुशारी दिसेलच. आणि विचारलंच तर चूक म्हणून सांगता येईल. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना खोटं लिहू नका म्हणून सुनावलं, आणि माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा मला सगळ्या पळवाटा सापडल्या.

दुरुस्त प्रत दिली असती तर त्यांच्याकडची आणि हिची जुळली नसती. म्हणून मी तशाच तीन प्रती काढल्या. प्रमाणपत्रांच्या खाली, उलट्या करून फाईलमध्ये ठेवल्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मला का कळत नव्हतं? तरीही झाकलं.

तो सगळा दिवस ती पुस्तकात डोकं घालून होती. मी चहा घेऊन गेले तर सांडपाण्याचाच धडा उघडलेला. मी मनात म्हटलं, बरं झालं, विचारलं तरी उत्तर येईल. मग ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "आई, दोन वर्षांत माणूस काय काय शिकत असेल गं?" चोराच्या मनात चांदणं. मी काहीतरी बोलले, आवडीवर असतं वगैरे. तिने फाईल मात्र उघडून पाहिली नाही, आणि मी देवाचे आभार मानले.

मुलाखतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर गेले. ती नको म्हणत होती. प्रयोगशाळेच्या दारातल्या रखवालदाराने मला आत सोडलं नाही, समोरच्या बाकावर बसा म्हणाला. आत जाणारे सगळे पस्तिशीच्या पुढचे, हातात जाड फायली. त्यांच्यात माझी लेक शाळेतून चुकून आलेल्या मुलीसारखी दिसत होती. अकराचे साडेअकरा झाले. पाण्यासाठीही उठवेना. म्हटलं, नेमकी तेवढ्यात बाहेर यायची. मी मनात एकच घोकत होते, देवा, त्या दोन ओळी कुणाला दिसू देऊ नकोस.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती आली. चेहरा कोरा. मी काही विचारायच्या आत बसथांब्याकडे चालायला लागली. मी मागे मागे. थांब्यावर कुणी नव्हतं. तिथे तिने सगळं सांगितलं, रस्त्याकडे बघत, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं.

आत तिघे होते. मधोमध पांढऱ्या कोटातल्या मोठ्या बाई. त्यांनी पहिल्यांदा त्या दोन वर्षांबद्दलच विचारलं. लेकीने उत्तरं दिली. पाण्यातल्या ऑक्सिजनची तपासणी कशी करतात, बाटल्या पाच दिवस किती तापमानात ठेवायच्या, सगळं घडाघडा सांगितलं. बाई खूश होत्या, बाजूच्या माणसाकडे बघून मान हलवत होत्या. आणि मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्या तिथे बाटल्या धुवायला काय वापरायचे? आमच्याकडे या धुण्याचाच घोळ होतो.

एवढासा प्रश्न. दोन वर्षं काम केलेल्याला झोपेत सांगता येईल असा. तो तिच्या पुस्तकात नव्हता.

"तिथे मी अडकले," लेक म्हणाली. "मग म्हटलं, मी तिथे काम केलेलं नाही. ही टाईप करणाऱ्याची चूक आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे. म्हणाल्या, सगळे जण टाईप करणाऱ्यावरच ढकलतात. आणि आधीची सगळी उत्तरं कुणाच्या चुकीने दिलीत? मग पुढच्याला बोलवायला सांगितलं.

मी विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"मेल आला त्या संध्याकाळीच. त्यांच्या मेलखाली आपण पाठवलेला बायोडाटा होता, तो उघडला." मग पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळली. "मला राग नाही आला, आई. लोक करतात. पण माझ्या साठ विहिरी काढून तिथे तू दुसऱ्याचं घातलंस. सगळ्यांना वाटतं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला वाटलं, चला, आता आईलाही वाटतं. मग म्हटलं, तू एवढी तुझी रीत मोडलीस, तर निदान नीट बोलून दाखवावं. नाही जमलं मला. आणि शेवटी तुला वाचवायला चूक झाली म्हणून खोटंही बोलले."

दोन दिवस ती हे एकटीच उरात घेऊन बसली होती, आणि मी पलीकडच्या खोलीत देवाचे आभार मानत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते खोटं नव्हतं," मी म्हटलं. "चूकच झाली माझी."

"आई, आता माझ्यापुढे तरी नको. तुझी कधी चूक होते का?"

मग मी सांगितलं. चष्मेवालीची फाईल, फॉर्मची झुंबड, ती भांडणारी बाई, राहून गेलेल्या विहिरी. ती आधी ऐकतच नव्हती. मग ऐकायला लागली. मी तिच्या हाताला धरून म्हटलं की तुझ्या विहिरी मी काढल्या नाहीत गं, लिहायच्या राहिल्या. मधल्या चौदा महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं नव्हतं ते मला तिथे दिसलं. पोरगी सुटल्यासारखी श्वास घेत होती. नोकरी गेली होती, तरी.

"खरंच?" तिने विचारलं.

"तुझ्या गळ्याची शप्पथ."

तिने डोळे पुसले. जरा हसलीसुद्धा, म्हणाली, म्हणजे मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं, आणि मलाच माहीत नव्हतं. मग पर्समध्ये रुमाल शोधता शोधता तिने सहज विचारलं, "आणि तुला कधी कळलं?"

आत्ता, तू सांगितल्यावर, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलं होतं. तिने विश्वास ठेवला असता. पण तिच्या गळ्याची शप्पथ मी नुकतीच घेतली होती, आणि तीच मुलगी समोर उभी होती.

"काल सकाळी," मी म्हटलं. "प्रती काढताना."

तिचा हात पर्समध्येच राहिला. "मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, निदान त्याने तरी तुझं काम होईल."

तिने हात बाहेर काढला आणि पर्सची चेन लावली. रागावली असती, ओरडली असती, तर मी ऐकून घेतलं असतं.

"म्हणजे तेच झालं ना, आई. माझ्या विहिरी पुरणार नाहीत, असं तुलाही वाटलंच," ती म्हणाली.

तेवढ्यात बस आली. मी आधी चढले आणि दोघींची जागा धरून खिडकीकडे सरकले. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर जाऊन बसली.