ताई अजून मसुदाच

रेकॉर्ड रूमच्या ताईंची नोकरी गेली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सकाळी ताई गेटपाशी आल्या तेव्हा त्यांचा डबा अजून गरम होता आणि नोकरीही जागेवर होती.

कागदांना आवृत्तीचे नंबर द्यायची पद्धत या ऑफिसात ताईंनीच घालून दिली होती. सहीआधी कागद म्हणजे मसुदा, ०.१, ०.२ असा चढत जाणारा. साहेबांची सही झाली की ताई त्यावर १.० घालत, आणि मगच तो खरा. घरी नवरा ‘बघू’ म्हणाला की ताई ‘०.१’ म्हणत. लेक हात जोडायची, “आई, निदान मला तरी फायनल कर.”

सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याने हीच पद्धत गेटच्या मशीनमध्ये घातली होती. ताईंनी कार्ड लावलं. लाल अक्षरं उमटली: आवृत्ती ०.९. मसुद्याला प्रवेश नाही.

“बिघडलंय हे,” ताई म्हणाल्या.

“मलाही तसंच वाटलं,” आतून शिपाई म्हणाला. “पण मला सोडलं की. मी १.० आहे.” बिचारा ओशाळून बोलला.

साहेब ताईंचं नेमणूकपत्र घेऊन खाली आले. सहीची जागा कोरी करकरीत.

“ताई, यावर सही करायची राहूनच गेली. इतकी वर्षं तुम्ही मसुदाच होतात.”

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. डबा मात्र त्यांनी सरळ धरला. आत पातळ भाजी होती.

“मग आता करा ना सही, साहेब.”

“केली असती हो. पण मसुद्याच्या आधारे झालेलं काम झालंच नाही असं धरावं, हे तुमचंच कलम. म्हणजे तुम्ही इथे कधी कामच केलेलं नाही.” साहेब मनापासून हळहळले. “अनोळखी बाईंना मी कसं नेमू?”

ताईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, “साहेब, तुमच्या बढतीच्या कागदावर १.० कोणी घातलं?”

“तुम्हीच की,” साहेब म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

शिपायाला आठवलं, त्याच्याही कागदावरचं १.० ताईंनीच घातलं होतं. मग कोणी न सांगता तो गेटबाहेर येऊन उभा राहिला. त्याच्यामागून साहेब आले. बातमी वर पोचली तसा एकेक विभाग जिना उतरू लागला. कॉम्प्युटरवाला चहाचा कप घेऊनच आला. आत फक्त पंखे फिरत होते.

ताईंनी साहेबांचं पेन मागून घेतलं आणि डब्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं:

‘प्रति, माननीय आवृत्ती १.०, कोणी असल्यास. सविनय विनंती की, गेटबाहेर उभ्या असलेल्या सर्व मसुद्यांना अंतिम समजून तत्काळ आत घेण्यात यावे. अर्जाची आवृत्ती: ०.१.’