तापलेलं दूध

गुणाजीच्या बहिणीचं, रत्नप्रभेचं लग्न ज्या माघात झालं, त्याच्या आगेमागेच गिरण्यांचा संप सुरू झाला. म्हणजे साल ब्याऐंशी. लग्नात गुणाजीची बायको सुलक्षणा दिवस भरत आलेल्या पोटानं पंगतीत वाढत होती. फाल्गुनात तिला मुलगा झाला, नंदकुमार. गुणाजीची गिरणी बंद, चूल तर पेटायला हवी. पोर दोन महिन्यांचं झालं तशी सुलक्षणा असल्फ्याच्या डोंगरावरून साकीनाक्याला, विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात, काचेच्या भट्टीपाशी कामाला जाऊ लागली.

दुपार कलली की छाती दगडासारखी व्हायची. झंपर भिजायचा. शेजारी काम करणारी कुंदा म्हणायची, "पदर पुढे घे गं. फोरमनला वाटेल, इथे डेअरी उघडली."

सुलक्षणा हसायची. कधी एकदा घरी जाते नि पोराला पाजते, एवढंच तिच्या डोक्यात.

पण दारातच सासू आडवी यायची. "भट्टीसमोरसून इलंस. तापलेला दूध पोराक बाधता गो. आधी मोरीत पिळून टाक, अंग निवू दे."

सासूची माया खोटी नव्हती. गावी उन्हातून आलेल्या बाईनं हेच करायचं, असं तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. सुलक्षणा मोरीत बसून दिवसभराचं साठलेलं पिळून टाकायची. तोवर बाहेर नंदूच्या तोंडात बाटली गेलेली असे. वरचं दूध, पचावं म्हणून निम्मं पाणी घातलेलं. हळूहळू त्याला बाटलीचीच सवय लागली. अंगावर घेतलं की तोंड फिरवी. मग छातीही भरेनाशी झाली.

"आता झंपर कोरडा राहतो. सुटलीस बघ," कुंदा म्हणाली. सुलक्षणानं पुढचा दिवा हातात घेतला.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि नंदूला जुलाब लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावर पाजत नाही?"

"कामावरून येते ना. तापलेलं असतं."

"आईचं दूध तापत नाही हो. आल्या आल्या पाजायचं."

सासू मागेच उभी होती. सुलक्षणानं तिथंच बाकावर बसून पोराला पदराखाली घेतलं. त्यानं दोनदा ओढलं आणि सोडून दिलं.

"परत घे गो," सासू हळूच म्हणाली. "येतला दूध."

तिनं परत घेतलं.

जुलाब थांबले नाहीत. नंदकुमार त्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. पाच महिन्यांचा होता.