वळच्या पडद्यानं पाहिलेली लढाई

मी सिनेमाचा एक जुना पडदा आहे. भिवंडीच्या लूमवर विणलेल्या जाड सुती कापडाच्या चार पट्ट्या जोडून शिंप्यानं मला शिवलं, काळी किनार लावली, आणि मी वळ गावच्या शाळेत आलो. मित्रांनो, तुम्ही माझ्यावरची चित्रं पाहता. मी तुमचे चेहरे पाहतो. गणपतीत सारं गाव माझ्यासमोर चटया टाकून बसे. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि माझी घडी कपाटात गेली. आठ वर्षं मी एकही चेहरा पाहिला नाही.

यंदा प्रजासत्ताक दिनासाठी गावच्या मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथभाऊ यांनी मला बाहेर काढलं. साऱ्या गावाला लढाईचा सिनेमा दाखवायचा, असं त्यांच्या मनात होतं.

"पोरांना शूरपना कळला पायजे!"

"भाऊ, तान्ह्या बाळांपासून सगळे येणार. आधी आपण पाहू," मुख्याध्यापिका निवेदिताबाई म्हणाल्या. त्यांनी ठकुबाईंनाही बोलावलं. ठकुबाईंचा मुलगा हितेश सैन्यात, सीमेवर. नात मृणाली याच शाळेत सातवीला.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिघं माझ्यासमोर बसली. बॉम्ब पडले, रक्त सांडलं. बाई वहीत टिपत होत्या. ठकुबाईंची पापणीही लवली नाही. मग एक शत्रूचा सैनिक हात वर करून पाणी मागू लागला. नायकानं पाणी त्याच्यासमोर जमिनीवर ओतलं आणि सगळे खदाखदा हसले. भाऊही मांडीवर थाप मारून हसले. ठकुबाई मात्र ताडकन उठल्या.

"बंद कर त्यो!"

"काय झाला, काकी?"

"रगताचा भ्याव न्हाय मला, केसरी. पन हात वर केलेल्याची थट्टा? उद्या माझा हितेश असा सापडला तं?"

भाऊंचं हसू जागच्या जागी विरलं. मान खाली घालून ते म्हणाले, "मंग तेवढा कापून टाकू."

"नको," बाई म्हणाल्या. "मुलं तो मोबाइलवर बघतील, एकटीच. त्यापेक्षा आपल्यासोबत बघू देत. दहा वर्षांखालची मुलं शेजारच्या वर्गात गोष्टी ऐकतील. बाकीची आईवडिलांजवळ बसतील. आणि त्या प्रसंगाला आपण सिनेमा थांबवायचा."

प्रजासत्ताक दिनी शाळेचं सभागृह गच्च भरलं. तो प्रसंग आला, काहीजण हसलेच. भाऊंनी स्वतः यंत्र थांबवलं. बाईंनी विचारलं, "हे बरोबर वाटतं का तुम्हाला?"

मग मृणाली उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"माझे बाबा सैनिक आहेत. ते सांगतात, हात वर केले की तो शत्रू राहत नाही. त्याला आधी पाणी द्यायचं. या सिनेमावाल्यांना सैनिक माहीतच नाही!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझी किनार थरथरली. तोफांना इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. "शाब्बास गो पोरी!" भाऊ ओरडले. ठकुबाईंचा चेहरा तर दिव्यासारखा उजळला होता.

आता दर महिन्याला मला टांगतात, आणि सिनेमा आधी दोन मोठी माणसं पाहतात. मित्रांनो, मला धुऊन, नीट घडी घालून ठेवा, एवढं तर मागतोच. पण अजून एक सांगतो. कुणी काहीही दाखवलं तरी मी ते मुकाट्यानं अंगावर घेतो. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.