चौथं पान

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या पुठ्ठ्याची फाईल आहे. कोपरे झिजलेत म्हणून नाक मुरडू नका. कंपनीच्या मोठ्या साहेबांचं एकूण एक भाषण माझ्याच पोटातून व्यासपीठावर गेलंय.

बाइंडरने मला हौसेने क्लिप बसवली होती. भाषणवाल्या बाईंनी ती पहिल्याच दिवशी उपटली. केवढा राग आला मला! पण भाषणाची पानं टाचत नाहीत. सुटी ठेवतात, वाचून झालं की हळूच सरकवतात, म्हणजे माइकमध्ये सळसळ येत नाही. बाई लिहायच्या, साहेब वाचायचे, टाळ्याही साहेबांनाच. बाई पडद्यामागे त्याच भाषणाची जोडप्रत घेऊन ओठ हलवत उभ्या. लोकांना दिसायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम.

त्या दिवशी साहेब कामगारांना सांगणार होते, की जुना कारखाना बंद होतोय. बाईंचा धाकटा भाऊ तिथेच मशीनवर होता. चौथ्या पानावर एकच गोष्ट होती: प्रत्येकाला नव्या कारखान्यात घेतलं जाईल. सकाळी साहेबांनीच ती कबूल केली होती. बाईंनी दोनदा मोजून पानं माझ्यात ठेवली.

गाडीत साहेबांना फोन आला. ते नुसतं "बरं" म्हणाले, मला उघडलं आणि चौथं पान घडी करून खिशात घातलं. मला ओरडावंसं वाटलं. पण फाईलला तोंड कुठलं!

सभागृहात साहेबांनी तिसरं पान सरकवलं आणि थेट पाचवं वाचायला घेतलं. पहिल्या रांगेत भावाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना वाटलं, पान आपणच घालायला विसरलो. नियम गेला खड्ड्यात! त्या तरातरा व्यासपीठावर आल्या आणि जोडप्रतीतलं पान माझ्यावर ठेवलं.

"माफ करा साहेब, माझ्याकडून एक पान राहिलं."

माइक चालू होता. तीनशे माणसांनी ऐकलं. साहेबांचा अंगठा माझ्या काठात रुतला. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचा ना साहेब."

साहेबांना वाचावंच लागलं.

भाऊ आज नव्या कारखान्यात आहे. बाईंना मात्र निष्काळजीपणाचं कारण देऊन काढलं, आणि मी कपाटाच्या तळाला गेले. जाताना बाईंनी मला पुसलं. म्हणाल्या, "एवढी वर्षं पानं मोजली, त्याच दिवशी कशी गं चुकले?"

मित्रांनो, जुन्या फायली जपा, हे तर मी सांगणारच. पण बाई कुठे भेटल्या तर माझा एवढा निरोप द्या. पानं पुरी होती. मी मोजली होती.