आप्पांच्या कुलपातली सतरंजी

मित्रांनो, तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता, मी तळव्यांवरून ओळखते. आटपाडीच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या लहानशा चर्चमधली मी जुनी सतरंजी. कुणाची टाच भेगाळलेली, कुणाचा अंगठा वाकडा, कुणाचे गुडघे प्रार्थनेला टेकताना कुरकुरतात, सगळं मला ठाऊक. एक कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. ही माणसं गुडघे टेकून डोळे मिटतात, तेव्हा त्यांना काय दिसत असेल?

माझा जन्म विट्याकडच्या एका हातमागावर झाला. बारा हात लांबी, लाल-निळे पट्टे आणि वजन असं की आणणारे दोघे वाटेत तीनदा बसले. त्याच वर्षी आप्पासो लोंढे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, म्हणून निवडून आले होते. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, पाच गावं, ते महिन्यातून एकदाच येत. बाकीच्या रविवारी उपासना वडिलांनी चालवायची.

आप्पांनी ती सव्वीस वर्षं चालवली. कुलूप तेच उघडत, झाडून तेच काढत, मला तेच अंथरत. बायबलमधला शास्त्रपाठ त्यांचा, गीताचा पहिला सूर त्यांचा, प्रार्थनाही त्यांचीच. कुणी माझ्या टोकाला हात लावला की ते म्हणत, "ऱ्हाऊ दे, मी करतो." त्यात तोरा नव्हता, माया होती. लोकही खूश. येऊन बसायचं, आमेन म्हणायचं, "सलाम आप्पा" म्हणून घरी जायचं.

मला मात्र नवल वाटे. एवढे हात मांडीवर ठेवलेले आणि मला आवरायला दोनच? एकट्या माणसाला बारा हातांची सतरंजी उचलता येत नाही, तो ती फरफटत नेतो. दाराकडचा माझा कोपरा असाच झिजून फाटला. त्याला ठिगळही आप्पांनीच लावलं, तेही तिरकं.

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी आप्पांना दगा दिला. ऑपरेशनसाठी ते मिरजेला गेले आणि चर्चची किल्ली त्यांच्या खिशातून त्यांच्याबरोबर गेली.

पहिल्या रविवारी मी घडी होऊन कोपऱ्यात पडले होते. बाहेर चपला वाजल्या, कुणीतरी कुलूप हलवून पाहिलं. मग फोन झाला. आप्पा म्हणाले म्हणे, "मी येतोच पुढच्या आठवड्यात." कुलूप तोडायला कुणाचा हात धजेना, कारण ते आप्पांचं कुलूप. पायरीवरच प्रभूची प्रार्थना म्हणून लोक पांगले. दुसऱ्या रविवारी पावलं निम्मी झाली. तिसऱ्या रविवारी मी कान देऊन ऐकत राहिले, तर चारच जणी आल्या. मला खरंच भीती वाटली.

चौथ्या रविवारी पाळक जयराजसाहेब आले. उपासना ओट्यावर झाली. शेवटी ते म्हणाले, "पाच गावांच्या चर्च-कमिटीत विषय निघालाय. पुढच्या महिन्यातही रविवार असेच गेले, तर हे चर्च बंद करून तुमची मंडळी आटपाडीला जोडतील."

एस्तेरआजी म्हणाली, "साहेब, मला एसटीची पायरी चढवत न्हाई. मी कुटं जाऊ?"

मग रेश्माचा आवाज आला. ही आजीची सून, शाळेत खिचडी शिजवते, डाव्या तळव्याला कुरूप आहे. ती म्हणाली, "मी जाती मिरजंला. किल्ली घिऊनच येती."

पुढच्या रविवारी कुलूप उघडलं. आत येता येता रेश्मा सांगत होती, "आप्पा देईनातच. म्हनले, मी आल्यावर बघू. मी म्हनलं, आवं आप्पा, तुमी याल तवा मानसं तर ऱ्हायला पायजेत. मग उशीखालनं काढून दिली."

चौघींनी माझे चार कोपरे धरले. मित्रांनो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी जमिनीला न घासता चालले. पण त्यांनी मला अंथरलं उलटं. सगळी वर्षं फरशीला तोंड लावून असलेली माझी बाजू वर आली, पट्टे अजून लालभडक. रेश्माने शास्त्रपाठ अडखळत वाचला. गीत चौघींनी चार सुरांत धरलं. एस्तेरआजीची प्रार्थना इतकी लांबली की शेजारणीचा पाय बधिर झाला, तो मला जाणवला. तरी पुढच्या रविवारी पावलं वाढली, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. महिना सरला तेव्हा कमिटीने विषय सोडून दिला.

मग आप्पा परतले, वॉकर टेकत. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"उलटी घातलीया," ते म्हणाले.

रेश्मा शांतपणे म्हणाली, "व्हय आप्पा. सुलटी कंची, ते आमाला कवा कळलंच न्हाई."

आप्पांची पावलं माझ्यावर गच्च रोवली गेली. त्यांना ते लागलं होतं. उपासना सुरू झाली. रेश्मा वाचताना अडखळली, तेव्हा त्यांनी शब्द पुरवला नाही. मला वाटलं, आता हे पुन्हा येणार नाहीत.

आमेन झालं. माणसं मला आवरायला उठली. आप्पांच्या तोंडून सवयीने निघालं, "ऱ्हाऊ दे, मी..." आणि ते थांबले. मग म्हणाले, "रेश्मा, त्यो फाटका कोपरा हिकडं दे. तेवढा मी धरतो."

खुर्चीत बसूनच त्यांनी माझं ठिगळ मांडीवर घेतलं. उरलेले तीन कोपरे तिघांनी उचलले. घडी झाल्यावर रेश्माने किल्ली पुढे केली. आप्पांनी तिची मूठ मिटवली. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मित्रांनो, डोळे मिटून माणसांना काय दिसतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझं एक मागणं आहे. कुणी एकटा माणूस तुमच्या सगळ्यांची सतरंजी ओढताना दिसला, तर त्याचं नुसतं कौतुक करत बसू नका. उठा आणि एक कोपरा धरा.